एकेक डॉलर मागून उभं केलेलं कॉलेज

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात रट्गर्स कॉलेजची दारं मुलींना बंद होती, तेव्हा मेबल स्मिथ डग्लस यांनी महिला मंडळांना हाताशी धरलं आणि बायकांकडे एकेक डॉलर मागायला सुरुवात केली. 1918च्या सप्टेंबरात, महायुद्ध अजून सुरू असताना, 54 मुलींना घेऊन रट्गर्सचाच भाग म्हणून मुलींचं कॉलेज उघडलं. डग्लसबाई पहिल्या डीन. 1955 मध्ये कॉलेजला त्यांचंच नाव मिळालं. पुढे रट्गर्स विद्यापीठानं आपली कॉलेजं एकत्र करायचं ठरवलं, तेव्हा हे नावही पुसलं जाणार अशी चिन्हं दिसू लागली. माजी विद्यार्थिनींनी रान उठवलं आणि ते बरंच झालं. 2007 मध्ये मधला मार्ग निघाला : पदवी रट्गर्सची, वर्ग मुलामुलींचे एकत्र, पण निवास, मार्गदर्शन आणि मुलींसाठीचे खास उपक्रम डग्लसचे. तिथलं बंटिंग-कॉब वसतिगृह मुद्दाम पाहावं असं आहे. विज्ञान, गणित, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुली तिथे राहतात आणि याच क्षेत्रांत पदवीपुढचं शिक्षण घेणाऱ्या ताया त्यांच्या सोबतीला असतात. गणित अडलं, तर मदत घरातच! इंजिनिअरिंगच्या वर्गात एकटी पडणारी मुलगी याचं मोल नेमकं जाणते. डग्लस जिथे आहे, रट्गर्सच्या त्या आवारात कुठलाही विषय शिकणाऱ्या मुलीला आज डग्लसमध्ये नाव घालता येतं.