कुडाला सिमेंट लावू देऊ नका

ससेक्स आणि केंटमधल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना,



गेल्या महिन्यात आल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस पाहिलं. चौदाव्या शतकातलं, गवताने शाकारलेलं, ओकच्या सांगाड्याचं घर. चर्चने ते पाडायला काढलं होतं. गावच्या धर्मगुरूंनी धडपड केली आणि १८९६ मध्ये नॅशनल ट्रस्टने ते १० पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत. आत मी वाकून जमिनीला हात लावला. खडूचा दगड कुटून, आंबट दूध पाजून घट्ट केलेली जमीन! माझं बालपण कोकणात, शेणाने सारवलेल्या घरात गेलं. तो स्पर्श मला ओळखीचा वाटला.

या घराची रचना तुम्हाला ठाऊकच आहे. मधला दालनाचा भाग थेट छपरापर्यंत मोकळा. धुराडं नव्हतं, त्यामुळे जमिनीवरच्या चुलीचा धूर बिनकाचेच्या खिडक्यांतून आणि छपरातून वाट काढायचा. दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, त्यांची माडी पुढे काढलेली. म्हणून मधलं दालन आत सरकल्यासारखं दिसतं, पण वरची वळचण एकसलग जाते. अशा घरांत ओक ओलाच वापरत आणि सांधे ओकच्याच खुंट्यांनी बसवत. लाकूड वाळताना वाकतं आणि घर त्याच्याबरोबर थोडं हलतं. सुतारांनी ते गृहीतच धरलं होतं.

खांबांमधल्या भिंती म्हणजे आमच्याकडचा कूडच. हेझलच्या फोका विणायच्या, त्यांवर माती, पेंढा आणि शेणाचा गिलावा थापायचा, वरून चुना. ही भिंत पाऊस पिते आणि वारं लागलं की वाळते. सिमेंटला हे जमत नाही. ते ताठ राहतं, लाकूड हललं की कडेने फट पडते. फटीतून पाणी आत जातं आणि आतच अडकतं.

शेजारच्या एका गावात अशा भिंतीचा सिमेंटचा गिलावा काढताना मी उभा होतो. बाहेरून भिंत गुळगुळीत, पांढरीशुभ्र होती. आतली तळाची तुळई मात्र हाताने उकरली तर भुसा व्हावा अशी झाली होती. कित्येक शतकं टिकलेलं लाकूड! मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण ते काम ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून उरकलं गेलं होतं.

विल्यम मॉरिस यांनी जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी १८७७ मध्ये संस्था काढली, ती अशाच अतिउत्साही दुरुस्तीच्या विरोधात. म्हणून माझी विनंती: अर्जात गिलावा कशाचा आणि रंग कोणता, हे लिहूनच मागा. सिमेंटला परवानगी देऊ नका; प्लॅस्टिकयुक्त रंगालाही तोच नियम लावा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळेपर्यंत मालकाला थांबायला सांगा. ताडपत्रीखाली भिंत एक हिवाळा काढू शकते. आणि ‘किरकोळ’ लिहिलेल्या अर्जावर सही करण्याआधी एकदा भिंतीपाशी जाऊन या.

त्या तुळईचे फोटो माझ्याकडे आहेत. मागाल त्या दिवशी पाठवतो.

आपला,
कुडाच्या घरात वाढलेला एक रहिवासी