स्वस्तात रायफल किट: व्हिडिओ अमेरिकेचा, गुन्हा मात्र आपल्या जिल्ह्यातला

मागच्या महिन्यात नांदेडहून लातूरला मावशीकडं गेलो होतो. मावसभाऊ तिथं नीटची तयारी करतोय. रात्री जेवणं झाली आणि त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. एक अमेरिकन माणूस टेबलावर खोके उघडून बसलेला. नळी, दांडा, स्प्रिंग असे सुटे भाग मांडून तो सांगत होता, कमी बजेटमध्ये रायफल कशी जमवायची. भावानं डॉलरचे रुपये करून ठेवलेच होते.

"दादा, मी काय बंदूक थोडीच मागवतोय? सुटे पार्ट आहेत. एकेक करून मागवले तर काय होतंय?"

आधी मला हसू आलं. मग वाटलं, प्रश्न काही खुळचट नाही. आपण कॉम्प्युटर असाच जोडतो. ड्रोनचं किट मागवतो, बाईकचे पार्ट ऑनलाइन घेतो. मग हे वेगळं कसं? पोरं हाच विचार करत असणार, म्हणून हा लेख.

तिकडं हे चालतं कसं?

अमेरिकेत १९६८ पासून बंदुकीचा मुख्य सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, हीच कायद्याच्या नजरेत 'बंदूक' आहे. अनुक्रमांक त्यावर असतो आणि दुकानातून तो घेताना गिऱ्हाइकाची चौकशी होते. बाकीचे बहुतेक भाग साध्या सामानासारखे पार्सलनं घरी येतात. यातूनच किटचा धंदा वाढला.

पुढं काही कंपन्यांनी पळवाट काढली. सांगाडा अर्धवट ठेवून विकायचा, म्हणजे तो 'बंदूक' ठरत नाही. त्यावर नंबर नाही आणि घेणाऱ्याची चौकशीही नाही. अशा बंदुकांना तिकडं 'घोस्ट गन' म्हणतात. २०१७ मध्ये तिथल्या पोलिसांनी माग काढायला पाठवलेल्या अशा बंदुका सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये तो आकडा १९ हजारांच्या वर गेला. २०२२ मध्ये सरकारनं नियम कडक केले. त्याविरुद्ध खटला झाला आणि २६ मार्च २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी ते नियम कायम ठेवले.

म्हणजे बंदुकांच्या बाबतीत सगळ्यात सैल समजल्या जाणाऱ्या देशातही हा मोकळेपणा आता आवळला जातोय. भाऊ बघत होता तो व्हिडिओ मात्र या निकालाच्या आधीचा होता. व्हिडिओवर तारीख असते, पण त्या तारखेनंतर कायदा बदलला हे फोन सांगत नाही.

आपल्याकडं सुटा भाग हेच शस्त्र

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ लागू आहे. त्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग आणि शस्त्र बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे "पूर्ण बंदूक नव्हती, साहेब" हा बचाव पहिल्या पानावरच संपतो.

"पण छोटा पार्ट असला तर?" भावाचा पुढचा प्रश्न. कायद्याच्या कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, हे खरं. पण अट अशी, की तो भाग जोडीच्या इतर भागांसोबत वापरायचा इरादा नसावा, मग ते भाग तुमच्याकडं असोत की दुसऱ्या कुणाकडं. किट म्हणजे तर जोडायच्या इराद्यानंच घेतलेले भाग. एकेक करून मागवलं तरी इरादा तोच राहतो. वर ऑर्डर, यूपीआयचं पेमेंट, पत्ता आणि बघितलेले व्हिडिओ असा सगळा माग तुमच्याच नावावर साचत जातो. परदेशातून शस्त्राचा भाग आणायला वेगळा परवाना लागतो, तो भाग तर राहूच द्या.

शिक्षा किती? डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवायला कमीत कमी ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आधी हेच ३ ते ७ वर्षं होतं. बंदूक घ्यायची तर वय २१ पूर्ण हवं आणि जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना हवा. तो परवाना बाळगण्याचा असतो, घरी बनवण्याचा नाही.

यूट्यूबच्या नियमांतही बंदूक बनवायला शिकवणारा मजकूर बसत नाही. जुलै २०२४ पासून घरगुती बंदुकीचा वापर दाखवणाऱ्या व्हिडिओंना वयाची अट लागली आहे. तरी व्हिडिओ सुटतात, आणि अल्गोरिदमला तुम्ही ह्यूस्टनमध्ये आहात की औशात, याचं काही देणंघेणं नसतं.

हौस म्हणून बघू नका

नांदेडात राहणाऱ्याला हा विषय लांबचा नाही. ५ एप्रिल २०२२ ला आमच्या शहरात एका बांधकाम व्यावसायिकाला घरासमोर गोळ्या घालून मारलं. त्यानंतर कित्येक दिवस लोक फटाका वाजला तरी दचकायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट मध्य प्रदेशातल्या उमर्टी गावात जाऊन गावठी पिस्तुलं बनवणाऱ्या भट्ट्यांवर छापा टाकला. बिननंबरी हत्याराची ही वाट कुठं जाते ते पोलिसांना चांगलं माहीत आहे. त्यामुळं 'मी फक्त हौस म्हणून' हे वाक्य ठाण्यात कुणी ऐकून घेत नाही.

आणि आपल्या भागातली निम्मी पोरं पोलीस भरती, अग्निवीर नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असतात. चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा निघाला की मैदानावर घालवलेली सगळी वर्षं मातीत. खरं बजेट हे आहे.

मग नेमबाजीची हौस?

ती जरूर भागवा, रस्ता आहे. ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. नीटवाल्यांनो, ½mv² आठवा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगानं सुटला तर ऊर्जा भरते साधारण ७.७ ज्यूल. ऑलिंपिकच्या १० मीटर प्रकाराला एवढी ऊर्जा पुरते. तिथला 'दहा'चा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, कस ताकदीचा नाही, हाताचा लागतो.

दोन गोष्टी मात्र पाळा. ताकद वाढवायला एअर रायफलमध्ये बदल करू नका, २० ज्यूलची रेषा ओलांडली की सूट गेली. आणि पाखरांवर नेम धरू नका, तिथं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो.

स्वतःची रायफल लगेच घ्यायचीही गरज नाही. क्लबची वापरून शिकता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्यानं कांस्य जिंकलं. वडील शिक्षक, तो स्वतः रेल्वेत नोकरीला. पैसा त्यालाही कमीच होता, पण त्याच्या हातातली प्रत्येक रायफल कागदावर होती.

भावानं व्हिडिओ बंद केला. जवळपास कुठं एअर रायफल शिकवतात, ते आता आम्ही दोघं शोधतोय. अट एकच, नीट झाल्यावर.