गृहव्यवस्था : फुगलेली फळी आणि वेळेवरची जयणा

दुकानाच्या हिशेबात पै-पैचा ताळा लावणाऱ्या कुटुंबालाही घरातील बारीक गळती महिनोन्महिने लक्षात येत नाही. वॉटर प्युरिफायरची नळी थेंबथेंब पाझरत राहते, पाणी भिंतीच्या कडेने शेजारच्या खोलीतील लॅमिनेटच्या फरशीखाली शिरते आणि एके दिवशी अनवाणी पायाला दोन फळ्यांचा सांधा उंचावलेला जाणवतो. अनेक घरांत त्यावर गालिचा सरकवून विषय मिटविला जातो. खरे नुकसान त्यानंतरच सुरू होते.

लॅमिनेटची फळी म्हणजे अखंड लाकूड नव्हे. लाकडाचा बारीक तंतू राळेत दाबून केलेला गाभा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि सर्वांत वर पारदर्शक कठीण थर अशी तिची रचना असते. जाडी बहुधा 8 ते 12 मिलिमीटर. वरच्या थरातून पाणी सहसा आत जात नाही. ते सांध्यातून अथवा खालून गाभ्यात मुरते. फुगलेला तंतू वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. वजन ठेवून फळी दाबणे त्यामुळे व्यर्थ ठरते आणि घासून सपाट केल्यास छापील कागदच निघून जातो. अशी फळी बदलणे हाच उपाय होय.

जैन कुटुंबासाठी येथे पैशाहून मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. कल्पसूत्राच्या सामाचारीत साधु-साध्वींना ज्या आठ सूक्ष्मांची जाण ठेवण्यास सांगितले आहे, त्यांत पनकसूक्ष्म म्हणजे बुरशी आणि स्नेहसूक्ष्म म्हणजे दव-धुक्यासारखा सूक्ष्म ओलावा यांची गणना आहे. फळीखाली कोंडलेली ओल बुरशीला आश्रय देते आणि पुढे वाळवीलाही बोलावते. वाळवी घरभर पसरली की विषारी फवारणीचा विचार करण्याची वेळ येते. दुरुस्तीतील चालढकल ही अशा रीतीने पुढच्या हिंसेची तरतूद ठरते.

दुरुस्तीत पहिले काम गळती बंद करण्याचे. त्यानंतर जवळच्या भिंतीचे स्कर्टिंग काढावे. या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून फोमवर एकमेकींत अडकविलेल्या असतात. त्यामुळे भिंतीकडून एकेक ओळ उचलता येते. प्रत्येक फळीच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहावा, म्हणजे चांगल्या फळ्या जागच्या जागी परत बसतात. भिजलेला फोम टाकून द्यावा. खालच्या जमिनीवर जीवजंतू दिसल्यास पुंजणीने हळुवार प्रमार्जन करावे. बुरशी असल्यास नाकातोंडावर मास्क बांधावा. मग खिडक्या उघडून पंखा लावावा आणि घाई करू नये.

जमीन वाळली की नाही हे हाताने कळत नाही. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर लावून एक दिवस ठेवावा. खाली पाण्याचे बिंदू जमले किंवा जमीन काळवंडली तर अजून थांबावे. पावसाळ्यात यास काही आठवडेही लागू शकतात.

नव्या फळ्या त्याच बनावटीच्या आणि त्याच खाचेच्या हव्यात. त्या 48 तास त्याच खोलीत आडव्या ठेवून मगच बसवाव्यात. दमट हवेत फळ्या प्रसरण पावतात, म्हणून भिंतीलगत 8 ते 10 मिलिमीटर फट सोडावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. खोलीच्या मध्यावरील एकच फळी खराब असेल, तर कुशल सुताराकडून ती कापून काढवावी आणि नवी फळी खाच तासून गोंदाने बसवून घ्यावी. गोंद निवडतानाही विवेक हवा. पारंपरिक सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो. पांढरा कृत्रिम गोंद हे काम निर्दोषपणे करतो.

फरशी नव्याने घेताना एक खोके जादा घेऊन ठेवावे, कारण पुढे तोच रंग मिळेलच असे नाही. पुसण्यासाठी घट्ट पिळलेला कपडा पुरेसा आहे. यात्रेला निघताना पाण्याची मुख्य चावी बंद करावी. चातुर्मास लागण्यापूर्वी, ज्येष्ठातच, प्युरिफायरची नळी, एसीचे पाणी वाहून नेणारा पाइप आणि स्नानगृहाचा उंबरठा एकदा वाकून पाहावा. या पाहणीस अर्धा तासही लागत नाही.