मातीत काय शिकायचं?

भाचीने सिव्हिल इंजिनिअरिंग संपवलं, गेट दिली आणि म्हणाली, "मामू, मला जिओटेक्निकलमध्ये रिसर्चवालं मास्टर्स करायचं आहे." तिच्या अब्बांनी विचारलं, "मातीत काय शिकायचं?"

प्रश्न गैर नव्हता. आम्ही मंगरुळपीरचे. उन्हाळ्यात भिंतीला भेग पडते, ईद जवळ आली की चुना मारताना ती बुजवतो. पावसाळ्यात कब्रस्तानात कबरी खचतात, मग मुरूम टाकतो. आपल्या वाशिम जिल्ह्यात हे नशीब म्हणून सोडून द्यायची सवय आहे.

भाची म्हणते, हे नशीब नाही, माँटमोरिलोनाइट आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीतलं हे खनिज पाणी पिऊन फुगतं, सुकलं की आकसतं. घर त्याच्यासोबत हलतं. पाया किती खोल घ्यावा, मातीत चुना किती मिसळावा, हे अंदाजाने ठरत नाही; मोजावं लागतं. याच खनिजाची बेंटोनाइट माती मात्र कचरा डेपोच्या तळाशी थर म्हणून वापरतात, घाण पाणी जमिनीत मुरू नये म्हणून. एकीकडे घर फोडणारं खनिज दुसरीकडे विहीर वाचवतं. जिओएन्व्हायर्नमेंटल शाखा हेच शिकवते.

या शास्त्राचे जनक कार्ल टेरझाघी यांनी पायाभूत प्रयोग केले ते इस्तंबूलमध्ये शिकवत असताना. त्यांचं पुस्तक १९२५ साली आलं. शंभर वर्षांनंतरही आपण भेग बुजवतोच आहोत.

बेंगळुरूची आयआयएससी किंवा आयआयटी मद्रास इथे असं संशोधनाचं मास्टर्स करता येतं. त्यात वर्गापेक्षा प्रबंधाला वजन असतं. अडचण पैशांची आणि धीराची. एम.टेक.ला गेटवाल्यांना महिना १२,४०० रुपये मिळतात. बरोबरीची मुलं तोवर साइटवर कमावू लागतात. मुलगी असेल तर लग्नाचा विषय निघतोच.

म्हणून माझं म्हणणं समाजाला आहे. एमबीबीएसला नंबर लागला की आपण हार घालतो, फोटो छापतो. संशोधनाला निघालेल्या पोरीला फक्त "नोकरी लागेल का?" एवढंच विचारतो. लग्नात एका वेळच्या जेवणावर जेवढं उडवतो, त्यातला थोडा भाग अशा एका विद्यार्थ्याच्या प्रवासाला, पुस्तकांना दिला तर? वाशिमच्या मातीवर वाशिमच्याच लेकरांनी काम करायला हवं. भेगांमध्ये राहतो ते आपण.

भाचीने मागच्या महिन्यात भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली. परवा चुना मारणारा आला तेव्हा तिचे अब्बाच म्हणाले, "ती खूण पुसू नको."