शब्दाशब्दांत : ‘एरोव्रा’

माझी भाची स्वीडनमध्ये लुंद या विद्यापीठाच्या गावी असते. तिची मुलगी पाच वर्षांची. परवा भाचीने कळविले, “मामा, बालवाडीच्या बाई म्हणाल्या, छोटीने भाषा जिंकली!” शिकली नव्हे, जिंकली! पेशा मास्तरकीचा, मी लगेच मूळ शब्द विचारला. तो निघाला ‘एरोव्रा’. यातला ‘ओ’ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला ‘ए’ समजावा.

हा शब्द स्वीडिशमध्ये जर्मनच्या वाटेने आला. त्याच्या पोटात ‘वर’ हा अर्थ आहे. वर चढून बसलो की जिंकले! आपला ‘पादाक्रांत’ हेच पायाखालून सांगतो. पण शत्रूला नुसते हरवायचे तर स्वीडिश माणूस ‘बेसेग्रा’ म्हणतो. किल्ला घेतला तर ‘इन्ता’. आणि गंमत अशी, की जेवण घेणे हेही ‘इन्ता’च! ‘एरोव्रा’त जिंकून आपलेसे करणे येते. देश, पदक, प्रियेचे हृदय आणि भाषा, या सर्वांना तो चालतो.

आता लुंदचेच पाहा. हे गाव ज्या स्कोने प्रांतात आहे, तो पूर्वी डेन्मार्कचा. १६५८ साली दहाव्या कार्ल गुस्ताव राजाने गोठलेल्या समुद्रावरून सैन्य नेले, डेन्मार्कला नमविले आणि रोस्किल्डच्या तहात तो प्रांत घेतला. पण तहाने जमीन मिळते, जीभ मिळत नाही. म्हणून १६६६ साली लुंदला विद्यापीठ स्थापन झाले. चर्चमध्ये आणि शाळेत स्वीडिश आली. लोकांची जीभ वळायला मात्र पिढ्या लागल्या.

आमच्या छोटीची जीभ दोन वर्षांत वळली! मी भाचीला विचारले, “आणि मराठी?” ती जरा थांबून म्हणाली, “समजते सगळे, मामा. उत्तर मात्र स्वीडिशमध्ये देते.”

मग भाषा हिने जिंकली, की भाषेने हिला?

वाचकहो, ‘पुन्हा जिंकणे’ यालाही स्वीडिशमध्ये शब्द आहे : ‘ओतर-एरोव्रा’. उत्तरेकडचे सामी लोक आपली मागे पडलेली भाषा परत मिळवू पाहतात, तिथेही तो येतो. सुट्टीत छोटी चार दिवस आमच्याकडे येणार आहे. लढाई करायची नाही, असे मी ठरविले आहे. ताटावर बसवून चिऊकाऊचे घास भरवीन. एकेक घास, एकेक शब्द. ‘इन्ता’ म्हणा हवे तर!