पाणी ओसरलं, आता हक्काचं बोला

चैत पुनवेची येडाईची जत्रा उरकते आणि येरमाळ्याच्या भागातल्या तलावांचं पाणी काठ सोडून आत सरकतं. ऊसतोड संपवून आमची पारधी-भिल्ल माणसं याच सुमारास घरी येतात. हाताला काम नसतं. तेव्हा तलावात दोन गोष्टी उघड्या पडतात, गाळाची जमीन आणि मासळी. दोन्हींवर आमचं नाव नाही.

मासळी कशी धरायची ते आम्हाला कुणी शिकवायला नको. उन्हं तापली की मासा खोल जातो, म्हणून तांबडं फुटताना काठाच्या उथळ पाण्यात फेकजाळं टाकायचं. दुपारी गळ लावायचा तो बांधाजवळच्या खोल पाण्यात. मरळ वरची हवा घेते, चिखलातही तगते. तिच्या गळाला बेडकी लावायची. पण पिलांचा थवा राखत फिरणारी मरळ आम्ही धरत नाही. ती गेली तर पिलं दुसरे मासे खातात, मग पुढच्या साली आम्ही काय खायचं?

ठेकेदाराला पुढच्या सालाचं काय पडलंय? तो बारीक जाळं ओढतो, बोटाएवढं पिलूही सोडत नाही. कागदावर ठेका सोसायटीचा, माल ठेकेदाराचा. आमचा माणूस गळ टाकून बसला की तो चोर. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, तलावाच्या काठावरून अजून नाही.

काहीजण म्हणतात, तुम्हीच सोसायटी काढा, ठेका घ्या. काढूच. पण मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी लढून 1996 मध्ये मासळीचा ठेका मिळवला, आपला संघ करून दहा वर्षं काम चालवलं. 2006 मध्ये मुदत सरली आणि ठेका हातचा गेला. मुदतीच्या कागदाचं असंच असतं. 2006 च्याच वनहक्क कायद्यात मासळीवरचा सामूहिक हक्क लिहिलाय, पण आमचे तलाव जंगलात नाहीत.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. काठावरच्या भूमिहीन घरांना सोसायटीत आधी सभासद करा. पोटापुरता गळ आणि हातजाळं ठेक्यातून कायमचं मोकळं ठेवा. गाळपेर जमीन वाटताना हीच घरं पहिली धरा.

प्रत्येक वस्तीनं आपल्या घरांची यादी करून येत्या ग्रामसभेत मांडावी. उशीर नको. मिरगाचा पाऊस आला की तलाव भरेल, आणि आपला प्रश्न पुन्हा वर्षभर पाण्याखाली जाईल.