झिजलेल्या कॉलरीची कैफियत

मनुष्याच्या अंगावरील वस्त्रांत सर्वांत आधी वार्धक्य येते ते शर्टाच्या कॉलरीला. आणि ज्याचा तो शर्ट, त्याला ही वार्ता सर्वांत शेवटी कळते, कारण स्वतःची मान मागून पाहण्याची सोय विधात्याने ठेवलेली नाही. पाठ, बाह्या, खिसा, बटणपट्टी ही सारी मंडळी शाबूत असता, मानेभोवतीच्या घडीवर चार धागे उसळले एवढ्याच कारणावरून सबंध शर्टाला, त्याची कैफियतही ऐकून न घेता, सेवेतून बडतर्फ करण्याचा जो शिरस्ता आपल्या पांढरपेशा घरांत रूढ झाला आहे, तो मला सर्वथा अन्यायाचा वाटतो. दारावरच्या शिपायाचा पट्टा विटला म्हणून अख्खी कचेरी बरखास्त करावी, त्यातलाच हा प्रकार.

वास्तविक कॉलर मरते ती केवळ मानेमुळे नव्हे. घाम आणि दाढीचे खुंट आपला वाटा उचलतात खरे. परंतु मळाची ती काळी रेघ नाहीशी व्हावी म्हणून ओल्या घडीवर साबणाची वडी फिरवून ताठ केसांच्या ब्रशने आपण जो नित्यनेमाने हल्ला चढवतो, तो पाहिला की अपराधाची वाटणी नव्याने करावी लागेल. त्यात अलीकडच्या कॉलरींत कापडाच्या दोन पदरांमध्ये उष्णतेने चिकटवलेले अस्तर असते; त्यामुळे घडीची धार कायम ताठ राहते, आणि सारी घासाघीस त्या एकाच धारेवर होते.

यावरचा उपाय जुना आहे व आपल्या नाशिक गावात अद्याप उपलब्ध आहे. कॉलर उलटवणे असे त्याचे साधे नाव. भद्रकालीच्या एका बोळात हे काम करणाऱ्या वृद्ध शिंपीमास्तरांना मी पुष्कळदा न्याहाळले आहे. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा चिमटीत धरून, कॉलर आणि तिच्याखालची उभी पट्टी यांमधली टीप ते दर तीन-चार टाक्यांवर कापतात, मग सबंध दोरा एका ओढीत काढून घेतात. कॉलर सुटी झाली की तिचा व पट्टीचा मध्य खडूने खुणावतात, झिजलेल्या घडीवर यंत्राचे चार फेरे मारून उसवण थांबवतात, आणि तिची खालची, उन्हावाऱ्याने न शिवलेली बाजू वर आणून ती पुन्हा पट्टीच्या दोन पदरांत बसवतात. प्रथम मध्यापासून दोन्ही टोकांकडे कच्चा टाका, आणि मग सुईच्या जुन्या भोकांवरूनच नवी टीप. ठिगळ नाही, खूण नाही. जीर्णत्व आहे तिथेच आहे, फक्त ते दर्शनी राहिलेले नाही. "उसवायला शिवण्याहून जास्त वेळ जातो, साहेब," ते म्हणाले, "पण उसवण्याचे पैसे कोण देतं?"

माझ्या मते सारा प्रश्न या एका वाक्यात आहे. शर्टाची शिलाई, पँटची शिलाई, सफारीची शिलाई यांचे दर दुकानातल्या पाटीवर ठळक अक्षरांत असतात. कॉलर उलटवण्याचा दर मात्र पाटीवर नसतो, तो गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भीतभीत सांगितला जातो, आणि गिऱ्हाईकही, मेनरोडला नवा शर्ट केवढ्याला मिळतो याचा दाखला देत, त्यात आणखी घासाघीस करते. श्रमाचे मोल श्रमावरून न ठरता दुसऱ्याच एका मालाच्या किमतीवरून ठरावे ही वहिवाट ज्या धंद्यात पडली, तो धंदा पुढच्या पिढीने का पत्करावा? दुरुस्तीचा दर लागलेल्या वेळावरून ठरावा, तो पाटीवर लिहिला जावा आणि आपण तो मुकाट्याने द्यावा, एवढेच माझे म्हणणे.

टंचाईच्या काळी अशा युक्तिवादाची गरजच पडत नसे. १९४३ साली सुती कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि कापडावर किमतीचे छाप उमटू लागले, त्या दिवसांत कॉलर उलटवणे हा दारिद्र्याचा नव्हे, शहाणपणाचा भाग होता. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात सरकारने जुने कपडे दुरुस्त करून वापरण्याची पुस्तिका छापून घरोघरच्या गृहिणींपर्यंत पोहोचवली. पुढे आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण हीच काय ती परीक्षक उरली. शर्ट हातात घेताच ती आधी कॉलर उलटून पाही, आणि तिथे धागे दिसले की स्टीलच्या डब्याची थेट वाटी होई!

अमेरिकेतील ट्रॉय गावच्या हॅना मॉन्टेग्यू या बाईंनी १८२७ च्या सुमारास, पतीच्या शर्टाची फक्त कॉलर मळते म्हणून ती कापून वेगळी धुतली आणि त्यातून सुट्या कॉलरींचा मोठा उद्योग उभा राहिला, असे सांगतात. शर्टाचे आयुष्य कॉलरीच्या आयुष्याशी बांधू नये हे ज्ञान, तात्पर्य, जवळजवळ दोनशे वर्षे जुने आहे.

आता आपल्या नाशिकचीच गोष्ट घ्या. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि त्या नोटांचा कागद संपूर्णपणे कापसाचा असतो. ही कापसाची नोट फाटली, तर तिचा किती भाग शिल्लक आहे हे मोजून तिचे पूर्ण वा अर्धे मोल बँक रीतसर चुकते करते. त्याच कापसाच्या शर्टाला मात्र, नव्वद टक्के देह धडधाकट असूनही, घंटागाडीचा रस्ता दाखवला जातो. फ्रान्समध्ये २०२३ पासून कपडे व पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्यास उत्पादकांच्या वर्गणीतून बिलातच सूट मिळते. आपल्याकडे तशी तजवीज होईल तेव्हा होवो. पण १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे, त्यात प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आहेत. त्या प्रशिक्षणात नवे शिवण्याइतकाच मान उसवून पुन्हा बसवण्याला मिळावा, ही मागणी अवाजवी ठरू नये. तयार शर्ट विकणाऱ्या कंपन्या आतल्या शिवणीला एक जादा बटण आठवणीने टाकतात. शर्टाच्या पिशवीत कॉलरीपुरते कापड घालताना त्यांचा हात का आखडावा?

प्रत्येक शर्ट वाचवण्याजोगा असतो असे मात्र मी म्हणणार नाही. कोपरे विरले असतील, पाठीचे कापड उजेडात आरपार दिसत असेल, तर तो गोधडीच्या आतल्या थरात जाऊ द्यावा. कॉलरीला खालून कडक पट्टीचे खण असतील किंवा टोकांना काजे असतील, तर उलटवल्यावर ती उघडी पडतात. अशा वेळी शर्टाच्या मागच्या घेराच्या खालच्या भागातून, जो नाही तरी पँटमध्ये खोचलेलाच असतो, कापड काढून नवी कॉलर बसते. तेही नको असेल तर वरची कॉलर समूळ काढून उभी पट्टी तेवढी ठेवावी. तरुण मंडळी तसला शर्ट हौसेने विकत घेतात.

शिवून घेणाऱ्यांची वाट याहून सोपी आहे. अठ्ठावन्न इंची पन्ह्याचे कापड घेताना दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त घ्यावे आणि मास्तरांना दुसरी कॉलर त्याच वेळी बेतून द्यायला सांगावी. पांढऱ्या शर्टाला एवढे पुरते. शर्ट रंगीत असेल, तर ती बेतलेली कॉलर कडा शिवून घेऊन शर्टाबरोबरच धुण्यात टाकीत जावी. कपाटात जपून ठेवलेली कॉलर चार वर्षांनी कोरीच्या कोरी राहते आणि विटलेल्या शर्टावर परक्यासारखी उठून दिसते.